मिशीनं हवा शोधणारे गेनूआबा

गेनूआबा मिस्त्रींची मिशी मी पहिल्यांदा जवळून पाहिली तेव्हा ती एका ट्रेलरखाली होती. बाकीचे आबाही तिच्यामागं होतेच, पण दिसत होती ती मिशी. माणूस मातीत उताणा पडलेला, हातात पाना नाही की बॅटरी नाही, आणि एका रबरी पाइपाच्या कडेकडेनं तोंड नेतोय, जसा काही त्याचा मुका घेतोय. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. सासूबाईंनी मला चहा घेऊन पाठवलं होतं. मी ग्लास दगडावर ठेवला आणि पळत परत आले.

"ते पायपासंगं काय करत्यात?" मी सासूबाईंना विचारलं.

"हवा शोधतोय. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही.

पौडच्या पुढं, ताम्हिणी घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची चहाची टपरी आणि आबांचं गॅरेज शेजारी शेजारी होतं. मधे एकच पत्रा. आबा फक्त ट्रेलरचे ब्रेक करायचे. दुसरं काही करा म्हटलं की त्यांना अपमान वाटायचा. कुणी मोटारसायकल आणली तर म्हणायचे, "पाय टेकीव, थांबंल."

ट्रेलरचा ब्रेक हवेवर चालतो. पुढं ओढणारी गाडी असते, तिला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात, आणि मागं लांबलचक गाडा. घोड्यातून गाड्यापर्यंत रबरी पाइपातून हवा जाते आणि चाकापाशी जाऊन ब्रेक दाबते. पाइपाला कुठं बारीक चीर पडली की हवा गळते. सपाट रस्त्यावर ते कळतही नाही. घाटात सारखा सारखा ब्रेक लावला की हवा संपते, आणि मग ड्रायव्हरच्या पायाखाली काही उरत नाही. एवढं मला नुसता शेजारी चहा उकळून कळलं.

ही चीर बाकीचे मिस्त्री कानानं शोधायचे, सूं आवाज ऐकून. नाहीतर पाइपाला साबणाचा फेस लावायचे, फुगा आला की तिथं गळती. आबा मिशीनं शोधायचे. पाइपाला मिशी लावत लावत सरकायचे, आणि केस हलले की बोट ठेवायचे, "हितं." त्यांची मिशी जाड होती, पण तिला कधी तेल लावलं नाही. तेलानं केस चिकटतात, मग हवा कळत नाही म्हणायचे. अंगाला साबण लागो न लागो, मिशीला रोज रिठा लागायचा. साबणाच्या फेसाचं नाव काढलं की चिडायचे. "अंगोळ मानसानं करावी, पायपानं न्हाई. बिनमिश्यांची कामं हायेत ती."

ड्रायव्हर लोक हे दुसऱ्या ड्रायव्हरांना दाखवायला आणायचे. एकानं मोबाइलवर त्याचं चित्रण केलं होतं. त्यात आबा फार प्रेमळ दिसतात.

खरी गोष्ट अशी की आबांना ऐकू येत नव्हतं. जन्मभर ब्रेकच्या ड्रमवर हातोडा घातला, ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या लायनरला रिबिटा ठोकल्या, त्यात कान गेले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. हवेच्या ब्रेकचा मिस्त्री बहिरा आहे म्हटल्यावर घाट उतरणारा माणूस त्याच्याकडं कशाला गाडी आणेल? शेती भावकीनं कधीच प्लॉट पाडून विकली होती. आबांना ते गॅरेज सोडून दुसरं काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. म्हणून ते लपवून होते.

पण एका पत्र्याआड राहून असलं काही लपत नाही. मी मुळात हळू बोलते. माझं एकही वाक्य आबांना कधी ऐकू गेलं नाही, तरी प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "व्हय व्हय, बराबर हाय." एकदा मी म्हणाले, आबा, चहात माशी पडलीय. "व्हय व्हय, बराबर हाय," म्हणाले आणि पिऊन टाकला.

त्यांचं हे सोंग चाललं ते त्यांच्या आईमुळं. हौसाआजी. गॅरेजच्या दारात बाज टाकून बसलेली असायची. दात नव्हते, पण आवाज असा की पलीकडच्या शेतातला कुत्रा उठून बसायचा. ड्रायव्हर आबांशी जे बोलेल ते आजी पुन्हा एकदा बोलायची, दुप्पट मोठ्यानं आणि स्वतःची भर घालून.

ड्रायव्हर म्हणायचा, "आबा, ब्रेक मारला की गाडी डावीकडं वढती."

आजी म्हणायची, "गेनू, गाडी डावीकडं वढती म्हनतोय. दारूचा गुत्ता आसंल डावीकडं."

तिला हिंदी येत नव्हतं, पण शिव्या घालण्यापुरतं सगळं समजायचं. एकदा एक परप्रांतातला ड्रायव्हर आला, ब्रेक लागला की सुटत नाही अशी तक्रार घेऊन. आजीनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "गेनू, ब्रेक सोडंना म्हनतोय. समदी सोडून गेली आसत्याल ह्याला, ब्रेक तेवढा ऱ्हायलाय."

लोकांना वाटत असेल, म्हातारीला वयामुळं खोड लागलीय. आबा काही न ऐकल्यासारखे पाना उचलून गाडीखाली जायचे. ऐकलेलं नसायचंच, फक्त आजीचं तेवढं पोचलेलं असायचं.

आबा ड्रायव्हरांना फार घालून पाडून बोलायचे. पावसाळ्यात हवेच्या टाकीत पाणी साठतं, ते रोज सकाळी खालची कळ ओढून सोडून द्यायचं असतं. आळशी ड्रायव्हर सोडत नाहीत. आबा कळ ओढायचे आणि भसकन काळं पाणी आलं की विचारायचे, "ब्रेक लावतोस का गुळन्या करतोस?" दसऱ्याला गाडीची पूजा करून चाकाखाली लिंबू ठेवतात. आबा आधी ब्रेक बघायचे, मग लिंबू ठेवू द्यायचे. म्हणायचे, "लिंबू चिरडायला गाडी फुडं जाती. थांबायचं लिंबाला काय बी कळत न्हाई."

गाडी उतार उतरून आली की ते सगळ्या ड्रमांना उलटा हात लावत जायचे. ब्रेक लागला असेल तर ड्रम तापतो. सगळे गरम आणि एखादाच गार लागला, तर त्या चाकाचा ब्रेक काम करत नाही. असल्या गार ड्रमाला ते घरजावई म्हणायचे. "समदी राबत्यात आन ह्यो बसून खातोय."

एकदा असा एक घरजावई सापडला आणि आबा त्याला मनसोक्त बोलले. फुकट खातोय, लाज न्हाई, सासऱ्याच्या जिवावर गावभर फिरतोय. ड्रायव्हरचं तोंड पडलं. मग तो आजीला हळूच म्हणाला, "मी बी सासरवाडीतच ऱ्हातो."

आजी ओरडली, "गेनू, ह्यो बी त्यातलाच हाय."

आबांनी चाकामागं हात घालून बघितलं. ब्रेक सैल करायचा स्क्रू कुणीतरी मुद्दाम फिरवून ठेवला होता. चाक अडकतं, डिझेल जास्त जातं, म्हणून ड्रायव्हर लोक असं करतात. आबांनी त्याच्याकडं वर बघितलं. "तूच सैल केलास व्हय? जातभाई म्हनून?"

तो माणूस पुढं कायम आबांकडंच यायचा. आला की आजीला आधी सांगायचा, अजून तिथंच राहतोय.

आबांना सगळं येत होतं असं मात्र नाही. एकदा हिंजवडीच्या कुठल्या कंपनीतली एक मुलगी मोटारीमागं छोटा ट्रेलर लावून आली. त्यावर प्लास्टिकची होडी. धरणात फिरायला निघाली होती, आणि ट्रेलरचा ब्रेक लागत नव्हता. आबा ऐटीत खाली गेले. एका वायरीला मिशी लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "ह्याला ब्रेकच न्हाई."

मुलगी म्हणाली, "काका, इलेक्ट्रिक ब्रेक आहे. ह्यात हवा नसते."

आजी म्हणाली, "गेनू, पोरगी म्हनतीय तुला काय बी कळत न्हाई."

"अहो आजी, मी असं नाही म्हणाले."

"न्हाई म्हनली," आजीनं दुरुस्त केलं, "पन तसंच हाय."

मुलीनंच खाली वाकून एक सुटलेली वायर शोधली आणि जोडली. आबांनी उजेडाला बॅटरी धरली. ती गेल्यावर पुढं बरेच दिवस आबा येईल त्या गिऱ्हाइकाला विचारत होते, "त्यो ब्रेक हाय का मोबाइलचा चार्जर?" गिऱ्हाइकाला काही कळायचं नाही. आजीही ते पुन्हा सांगायची नाही. मुलाची फजिती ती एकदाच करायची, तिथल्या तिथं.

हौसाआजी थंडीत गेली. सकाळी चहा मागितला, चहात साखर कमी म्हणून मला बोलली, आणि दुपारी बाजेवरच गेली. आबा ट्रेलरखाली होते. त्यांना हाक ऐकू गेली नाही. ड्रायव्हरनं पायाला धरून हलवलं तेव्हा बाहेर आले.

दहावा नदीकाठी झाला. आई गेली की मुलानं डोक्याचे केस, दाढी आणि मिशी द्यायची, ही आमच्याकडची रीत. आबांच्या मिशीचं काय होणार, यावर दहा दिवस सगळी आळी बोलत होती. मला त्यातली खरी धास्ती ठाऊक होती. सगळं पुन्हा बोलून ऐकवणारी आई गेली होती. आता मिशी गेली की हवा शोधायची कशानं?

आबांचे चुलतभाऊ नामातात्या, गळ्यात साखळी, कपाळाला आठी, समजूत घालायची तयारी करूनच आले होते. ते आबांच्या शेजारी बसून म्हणाले, "गेनू, मिशी द्यावी लागंल. आईचं हाय. त्यात कामाधंद्याचं कारन चालत न्हाई."

"व्हय व्हय," आबा म्हणाले, "बराबर हाय."

तात्यांचं सगळं भाषण वाया गेलं. आम्ही बायका जरा लांब उभ्या होतो. मला तिथूनही कळलं की आबांनी एक अक्षर ऐकलेलं नाही.

न्हाव्यानं डोकं केलं, दाढी केली, आणि वस्तरा ओठावर टेकवला. तेव्हा आबांनी त्याचं मनगट धरलं. न्हावी घाबरून तात्यांकडं बघायला लागला. आबा तसेच बसले, न्हाव्याचा हात धरून, पाण्याकडं बघत. मग त्यांनी हात सोडला.

"काढ," ते म्हणाले. "जित्ती व्हती तवा तिच्याफुडं माझं चाललं न्हाई. आता काय चालतंय."

कावळा लगेच शिवला. वाट बघायची आजीला कधी सवय नव्हतीच.

तेराव्यानंतर आबांनी गॅरेज उघडलं. मिशीखालची कातडी उन्हाला कधी लागलेली नव्हती. घर रंगवायला कपाट हलवावं आणि मागची भिंत दिसावी, तसा त्यांचा ओठ दिसत होता. बाज दारातच होती, वर गोधडी घडी करून ठेवलेली.

पहिला ट्रेलर आला तो अंकुशचा. हा बीडकडचा पोरसवदा ड्रायव्हर, कायम घाईत. मागं कसलं तरी अवजड मशीन साखळ्यांनी बांधलेलं होतं. घाट उतरून कोकणात न्यायचं होतं. माझ्या टपरीवर आणखी काही ड्रायव्हर चहा पीत होते. अंकुश खाली उतरला आणि म्हणाला, "आबा, हवेचा काटा खाली येतोय. मागच्या चाकांकडून आवाज येतोय बघा."

आबांनी बाजेकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय व्हय, बराबर हाय," आणि पुढच्या चाकाखाली गेले.

अंकुश त्यांच्या पायाशी उभा राहून म्हणाला, "मागं, आबा." आबा पुढंच. मी एकच बरणी पुन्हा पुन्हा पुसत होते. आबा पाइपाच्या कडेनं तोंड नेत होते. नुसता ओठ. ओठ ओला करून बघितला, हात ओला करून बघितला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, वारा लागत होता, सगळंच गार लागत असणार. बाहेर आले, केबिनमधे चढून काटा बघितला, पुन्हा खाली गेले. पुन्हा बाहेर आले. डोक्याला माती, ओठाला माती.

अंकुश म्हणाला, "राहू द्या. हळूहळू जातो. संध्याकाळपर्यंत माल उतरवायचाय." आणि केबिनमधे चढला.

हे आबांना ऐकू गेलं नाही, पण दिसलं. ते घोड्याच्या पुढं जाऊन उभे राहिले. दोन्ही हात बंपरवर.

"उतर खाली."

"आबा, उशीर होतोय."

"उतर म्हनतो."

अंकुश उतरला. चहा पिणारे ड्रायव्हर ग्लास घेऊन पुढं आले. आबा त्या सगळ्यांकडं बघून बोलले, आणि ऐकू न येणाऱ्याला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो, म्हणून फार मोठ्यानं बोलले.

"गळती हाय. मला घावंना. मला ऐकाय येत न्हाई. लई वरसं झाली. मिशी व्हती तवर निभावलं. गाडी दुसऱ्या कुनाला दाव, पन अशी घाटात न्हेऊ नगंस."

मग अंकुशनं डोकं खाजवलं. "आबा, ते सगळ्यांना माहितंय की. म्हणून तर आम्ही आजीला ऐकू जाईल असं बोलायचो. म्हातारी आहे तवर कशाला सांगा म्हटलं."

आबांची मान बाजेकडं वळली. मग माझ्याकडं.

"काय म्हनतोय ह्यो?"

मी चारचौघांत बोलत नाही. दुकानात पुड्यावर बोट ठेवून काम चालवते. मी म्हणाले, सगळ्यांना माहीत होतं म्हणतोय.

"आं?"

मी पदर कंबरेला खोचला आणि ओरडले, "समद्यांना ठावं व्हतं म्हनतोय मेला."

ते मेला कुठून आलं मला माहीत नाही. ड्रायव्हर लोक इतके हसले की एकाचा चहा सांडला. आबा हसले नाहीत.

"मग हितं कशाला येत व्हता रं?"

अंकुश म्हणाला, "बाकीचे मिस्त्री उभ्यानंच ऐकतात आणि जा म्हणतात. तुमी खाली शिरता."

हेही मी ओरडून सांगितलं. आबांनी मान खाली घालून ते घेतलं. मग मला म्हणाले, "भांड्याचा साबन आन."

मी ग्लास धुवायचं घमेलंच नेलं. आबा फेस घेऊन मागच्या चाकाखाली गेले. कुणीतरी म्हणालं, "आबा, ही बिनमिश्यांची कामं," पण ते मी पुन्हा सांगितलं नाही. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "हितं." गाड्याच्या लोखंडाला पाइप घासून घासून आतल्या बाजूनं चिरला होता, आणि तिथं फेसाचा मोठा फुगा येत होता, फुटत होता, पुन्हा येत होता. आबांनी पाइप बदलला. मग सगळ्या चाकांचे ब्रेक स्वतः बघितले. तोवर अंकुशला माल उतरवायला उशीर झाला तो झालाच.

दुसऱ्या दिवशी अंकुश रिकामा ट्रेलर घेऊन घाट चढून परत आला. आबा रस्त्याकडं तोंड करून लायनर घासत बसले होते. हॉर्न वाजवून उपयोग नाही हे त्याला ठाऊक होतं. तो गॅरेजसमोर आला आणि त्यानं नुसता ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी दबली, मागचे लाल दिवे लागले, हवा फुस्स करून सुटली आणि सगळी धूळ आबांच्या अंगावर आली. आबांनी त्याला आईवरून एक शिवी दिली आणि चाकं कशी थांबली ते वाकून बघितलं. मग अंकुश निघून गेला.

पुढं बाकीचेही तसं करायला लागले. येताजाता गॅरेजपाशी रामराम म्हणून एकदा ब्रेक दाबायचा. आबांना मिशी पुन्हा आली, पण गाडीखाली जाताना ते माझं घमेलं मागायचे.

नंतर रस्ता रुंद करायचा निघाला आणि गॅरेज गेलं, आमची टपरी मागं सरकली. आबांची मुलगी बावधनला असते. ती त्यांना न्यायला आली त्या दिवशी आबा रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. सामान मोटारीत भरून झालं होतं. हत्यारांची पेटी मुलीनं मागच्या सीटवर ठेवली, आबांनी ती काढून पुढच्या सीटवर ठेवली. मुलगी स्टेअरिंगवर बसून हाका मारत होती.

घाटाकडून एक ट्रेलर आला. ड्रायव्हर कोण होता, मी ओळखलं नाही. जिथं गॅरेज होतं तिथं आता नुसती खडी होती. त्या खडीसमोर त्यानं ब्रेक दाबला, लाल दिवे लागले, आणि गेला.

"फुकाट लायनर झिजवत्यात," आबा म्हणाले.

मुलीनं खाली उतरून मोटारीचं दार उघडून धरलं. आबा उठले, दारापर्यंत गेले, आणि तिला हातानं थांब म्हणून खुणावलं. लांब वळणावर आणखी एक ट्रेलर दिसत होता.